जुनी ‘स्वतः करा’ छापाची वर्कशॉप पुस्तकं: नुसती चाळायला छान, की खरंच कामाची?

माळ्यावरचा_लेथ

नमस्कार मंडळी. सध्या जुन्या वर्कशॉप पुस्तकांचा नाद लागलाय. १९१३ चं ‘द बॉय मेकॅनिक’, स्पेरींचं १९४८ चं ‘द अमॅच्युअर्स लेथ’ आणि डेव्हिड गिंगरींची सात पुस्तकांची मालिका. या मालिकेत कोळशाच्या भट्टीपासून सुरुवात करून भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियममधून लेथ (तुकडा फिरवत कापणारं यंत्र), शेपर (पुढे-मागे रंधणारं), मिलिंग मशीन (फिरत्या कटरचं) असं एकेक उभं करत नेलंय. अशीच कामं यूट्यूबवर वीस मिनिटांत दिसतात, तरी पुस्तक हातातून सुटत नाही. हे जुन्याचं वेड म्हणायचं, की त्यात खरंच काही जास्त आहे?

प्रत्यक्ष करायला बसलं की मात्र अडायला होतं. मापं इंचात, आटे व्हिटवर्थ नाहीतर बीए (दोन्ही जुनी ब्रिटिश मापं), साहित्याची यादी अमेरिकेतल्या हार्डवेअर दुकानातली, आणि ‘अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा घ्या’ असं पानोपानी. यातलं काय जसंच्या तसं घ्यायचं आणि काय बदलायचं?

तिसरा प्रश्न थेट कामाचा. ड्रिल प्रेससाठी १५० × १५० मिमीचा छोटा अ‍ॅल्युमिनियम टेबल ओतायचाय. घरामागे मोकळी जागा आहे, खाली काँक्रीट. भंगारात पिस्टन मिळतात. गिंगरींच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे कोळशाची भट्टी करावी का?

तीन_प्लेटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, भट्टीचं जाणकार सांगतीलच.

त्यात जास्त काय आहे? कामाचा क्रम. व्हिडिओतल्या माणसाच्या मागे मिलिंग मशीन उभं असतं आणि तो म्हणतो, ‘आता ही बाजू सपाट करून घ्या.’ चांगलं जुनं पुस्तक सांगतं की सपाट म्हणजे किती सपाट, ते कशाशी ताडायचं, आणि ताडायला हाताशी काहीच नसेल तर ती संदर्भाची वस्तू आधी कशी तयार करायची. वाचकाकडे कानस, हातड्रिल आणि व्हाइस एवढंच आहे असं धरून लिहिल्यावर दुसरा मार्गच नसतो. गिंगरींच्या लेथचं मर्म तेच आहे. तो सुमारे सात इंच स्विंगचा (एवढ्या व्यासाचा तुकडा फिरवता येणारा), सेंटरमध्ये बारा इंच अंतराचा लेथ आहे, आणि त्याचे पुढचे भाग अर्धवट उभ्या राहिलेल्या त्याच लेथवर मशीन होतात.

याचं मूळ उदाहरण म्हणजे तीन प्लेटांची पद्धत. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोला ती मांडली, आणि आजही ती घरी करता येते. सरफेस प्लेट (सपाटपणा ताडायची संदर्भ प्लेट) विकत न घेता सपाट पृष्ठभाग मिळवायचा असेल तर हाच रस्ता.

साधारण १५० मिमीच्या तीन चौरस बिडाच्या प्लेटा घ्या. नावं क, ख, ग. क ला मार्किंग ब्लूचा (निळ्या लेपाचा) पातळ थर लावून तिच्यावर ख घासायची. ख वर जिथे निळा डाग उठेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने (खरवडायच्या हत्याराने) काढायचा. ख जुळली की ग सुद्धा क शीच जुळवायची. इथवर सगळं छान जुळतं, आणि नवशिके इथेच थांबतात. पण क जर फुगीर असेल, तर ख आणि ग दोन्ही तेवढ्याच खोलगट झालेल्या असतात. क शी ताडताना निळा सगळीकडे सारखाच लागतो, त्यामुळे काही कळत नाही. आता ख आणि ग एकमेकींवर ठेवा. त्या फक्त कडांना टेकतील. चूक उघडी पडली. या वेळी दोघींच्याही कडांवरून सारखंच काढायचं, एकीकडूनच नाही. मग ख ला मुख्य धरून क तिच्याशी जुळवायची, नंतर क-ग ताडायच्या, मग ग मुख्य. असा फेरा चालू ठेवला की फुगवटा दर फेऱ्यात कमी होत जातो.

एक मेख बऱ्याच संक्षिप्त लेखांत सुटते. प्लेटा दर वेळी एकाच दिशेने ठेवून ताडल्या तर तिघींत सारखाच पीळ राहू शकतो, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली. सारखा पीळ असलेल्या दोन प्लेटा एकमेकींवर बेमालूम बसतात, आणि तिसरीसुद्धा हे पकडू शकत नाही. म्हणून अधूनमधून वरची प्लेट ९० अंशांत फिरवून ताडायची. पीळ असेल तर लगेच दोनच कोपऱ्यांवर निळा उठतो. प्लेटा आयताकृती न घेता चौरस घेण्याचं कारण हेच.

स्क्रेपर म्हणून जुनी चपटी कानस चालते. टोकाकडचे दात ग्राइंड करून काढा, टोकाला किंचित गोलाई ठेवा, नाहीतर कोपरे ओरखडे पाडतात. सुरुवातीला निळा थोडा जाड, जसजसं जवळ येईल तसा पातळ. जाड थर सगळीकडे लागतो आणि उगाच समाधान देतो. दर फेरीला स्क्रेपिंगची दिशा आडवी फिरवा. पंचवीस मिमीच्या चौकोनात दहा-बारा डाग आले की मशीनच्या स्लाइडसाठी पुरे, सरफेस प्लेट म्हणून वापरायची असेल तर वीसच्या आसपास न्यावं लागतं. हाताच्या उबेनेही प्लेट वाकते, म्हणून खरवडून झाल्यावर ती तशीच ठेवून गार होऊ द्या आणि मगच ताडा.

एवढं वाचून कंटाळा आला असेल तर १२ मिमी जाडीची फ्लोट ग्लास घ्या, बहुतेक कामं तिच्यावर होतात. पण सपाटपणा कसा तपासतात ते एकदा कळलं की विकतच्या प्लेटचाही खरेखोटेपणा पाहता येतो.

दोन_सूत

मापांबद्दल. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो.

आधी ड्रॉइंग. अमेरिकन पुस्तकं थर्ड अँगलमध्ये काढतात (वरून दिसणारं दृश्य वर). आपल्याकडे आयटीआय-डिप्लोमाला शिकवतात तो फर्स्ट अँगल (तेच दृश्य खाली), आणि जुन्या ब्रिटिश पुस्तकांतही बहुतेक तोच. शीर्षकात चिन्ह नसेल तर एखादं भोक किंवा खाच दोन्ही दृश्यांत शोधून कोणती पद्धत आहे ते ठरवा. नाहीतर ब्रॅकेट आरशात पाहिल्यासारखा उलटा बनतो, आणि हे कळतं ते जोडणीच्या वेळी. पीडीएफमधली आकृती प्रिंट काढून टेम्प्लेट म्हणून चिकटवू नका. स्कॅनमध्ये आडवी-उभी मापं सारख्या प्रमाणात आलेली नसतात. आणि अपूर्णांक कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरातून कधीच घेऊ नका. मशीनने वाचताना ३/८ चा ५/८ होतो, म्हणून मूळ पानाचं चित्र मोठं करून पाहा.

आटे. बीए आट्यांना मेट्रिकचा पर्याय सोपा आहे. ० बीए म्हणजे ६ मिमी व्यास आणि १ मिमी पिच, तिथे सरळ एम६ (टॅपचं ड्रिल ५.०). २ बीए ४.७ मिमी, तिथे एम५ (ड्रिल ४.२). ४ बीए ३.६ मिमी, तिथे एम४ (३.३). ६ बीए २.८ मिमी, तिथे एम३ (२.५). व्यास थोडा वाढतो, त्यामुळे भोकाभोवती भिंत किती उरते ते आधी पाहा, विशेषतः छोट्या वाफेच्या इंजिनांच्या फ्लँजवर.

इंचाच्या आट्यांत गोंधळ वेगळा. हार्डवेअरवाल्याकडे ‘दोन सूत’ मागितला की पाव इंची बोल्ट मिळतो, तो व्हिटवर्थ निघतो की यूएनसी (अमेरिकन आटा) हे त्याच्या पेटीवर अवलंबून. पाव इंचाला दोन्हींत इंचाला २० आटे, तीन सूतला १६. आट्याचा कोन ५५ आणि ६० असा वेगळा असला तरी हलक्या कामात एकमेकांत जातात. चार सूत म्हणजे अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. नट दोन-तीन फेरे जातो आणि आवळतो. तिथे पान्याचा जोर लावलात की आटे गेले.

पत्र्याचा गेज पुस्तकागणिक बदलतो. आपल्या बाजारातला गेज म्हणजे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज), त्यात १६ गेज १.६३ मिमी. अमेरिकन पुस्तकात पितळी पत्रा १६ गेज लिहिला असेल तर तो ब्राउन अँड शार्प गेज, म्हणजे १.२९ मिमी. एवढ्या फरकाने वाकवलेली पेटी झाकणात बसत नाही. गेज विसरा, मिमीत लिहा.

‘रनिंग फिट’, ‘पुश फिट’ असं नुसतं लिहिलेलं असतं, आकडा नसतो. लेखकाला तो हाताने कळायचा. १२ मिमी शाफ्टचं भोक एच७ (फिटचा ठरावीक वर्ग, ० ते +०.०१८ मिमी) धरलं तर फिरणाऱ्या शाफ्टला एफ७, म्हणजे ०.०१६ ते ०.०३४ मिमी बारीक. हाताने ढकलून बसवायचा असेल तर एच६, म्हणजे ० ते ०.०११ बारीक. ‘बेअर’ म्हणजे मापापेक्षा किंचित कमी आणि ‘फुल’ म्हणजे किंचित जास्त. हे दोन शब्द दिसले की तो भाग जोडीदाराच्या प्रत्यक्ष मापावरच कापायचा.

आणि मोटर, हे कोणीच सांगत नाही. अमेरिकन पुस्तकातली पाव एचपी मोटर १७२५ आरपीएमची असते कारण तिथे ६० हर्ट्झ. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तीच चार पोलची मोटर १४४० च्या आसपास फिरते. पुल्या पुस्तकाप्रमाणेच लावल्या तर सगळं सतरा टक्के हळू चालतं. मोटरवर दोन इंची पुली सांगितली असेल तर साधारण ६१ मिमीची लावा. हीटिंग कॉइल असेल तर प्रकरण उलटं. ११५ व्होल्टसाठी मोजलेली तार २३० वर लावली की चौपट वॅट खेचते. मीठ-पाण्याचा रेझिस्टन्स, लाकडी फळीवर उघडे टर्मिनल असले विजेचे खेळ ‘बॉय मेकॅनिक’च्या काळातल्या पुस्तकांत भरपूर आहेत. ते वाचून सोडून द्या.

ओतकाम_शिरोली

भट्टीवर येतो. उत्तर हो, करा. पण पुस्तकातून पद्धत घ्या, सामान इथलं घ्या.

भट्टीचं भांडं एमएसचं, म्हणजे साध्या पोलादाचं घ्या, गॅल्व्हनाइज्ड बादली नको. बाहेरचा पत्रा तापला की जस्ताचा पांढरा धूर येतो आणि रात्री थंडी-ताप भरतो. आतलं अस्तर पुस्तकात फायर क्ले आणि वाळूचं आहे. ते चालतं, पण तडकतं आणि वारंवार लिंपावं लागतं. त्याऐवजी हाय अ‍ॅल्युमिना कास्टेबल (पाण्यात कालवून ओतायचं उष्णतारोधक मिश्रण) आणा, ५० ते ६० मिमी जाड ओता. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पातळ केलं की ओतायला सोपं जातं आणि ताकद निम्मी होते. चोवीस तास ओलं ठेवा, मग तीन-चार दिवस सावलीत, मग मूठभर कोळशावर कित्येक तास मंद तापवून वाफ बाहेर काढा. इथे घाई केली की आत अडकलेलं पाणी वाफ होऊन अस्तराचे टवके उडवतं. पहिल्याच दिवशी फुटलेल्या भट्ट्यांचं कारण बहुतेक हेच.

हवेची नळी २५ ते ३२ मिमीची, तळापासून साधारण ५० मिमी वर. मूस (धातू वितळवायचं भांडं) थेट तळाशी ठेवू नका, खाली फायर ब्रिकचा तुकडा द्या, म्हणजे खालूनही कोळसा पेटेल. मुशीभोवती सगळीकडून ५०-६० मिमी मोकळी जागा लागते. लोणारी कोळसा २५-४० मिमीच्या तुकड्यांचा, चाळून घेतलेला. भुकटी हवेची वाट अडवते. ब्लोअर लहानच पुरतो, पण तोंडाला सरकती झडप हवीच. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याला पूर्ण ब्लोअर फार होतो.

आता मूस. जुन्या पुस्तकांत लोखंडी पाइपच्या तुकड्याला बूड वेल्ड करून वापरतात. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम लोखंड हळूहळू खातं. एक तर धातूत लोखंड उतरून तो ठिसूळ होतो, आणि दुसरं म्हणजे एक दिवस भट्टीतच बूड सुटतं. क्ले-ग्रॅफाइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस घ्या. नवी मूस सावकाश तापवून कोरडी करा. थंड मुशीत भंगार ठासून भरू नका, ते फुगतं आणि मूस फोडतं. उचलायची चिमटी मुशीच्या पोटाला बसणारी हवी, कडेला धरून उचलायची नसते.

पिस्टन ही चांगली निवड. त्यात सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे धातू वाहतो छान आणि आकुंचनाचे तडे कमी. आधी तेल जाळून टाका, पिना आणि सर्क्लिप काढा. काही डिझेल पिस्टनच्या रिंगच्या खाचेत बिडाची कडी असते, ती वितळत नाही, तळाशी बसते. तापवलेल्या चिमट्याने काढून घ्या. शीतपेयांचे डबे मात्र नको. पत्रा इतका पातळ की निम्मा माल मळीतच (वर तरंगणाऱ्या कचऱ्यात) जातो.

साच्याची वाळू. दहा किलो बारीक कोरडी सिलिका वाळू, एक किलो बेंटोनाइट, आणि पाणी ४०० ते ५०० मिली. बेंटोनाइट कच्छचं येतं, कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्री सामानवाल्यांकडे ते मिळतं. वाळू आणि बेंटोनाइट कोरडंच आधी एकजीव करा, मग पाणी फवारा, रगडा, गोणपाट टाकून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी ३ मिमीच्या चाळणीतून काढा. परीक्षा हाताचीच. मुठीत दाबून उघडली की बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, मधोमध मोडली की कड धारदार तुटली पाहिजे, आणि तळहाताला चिकटता कामा नये. चिकटली म्हणजे पाणी जास्त, तिथे ओतकामाला भोकं पडणार. कड भुरभुरली म्हणजे पाणी कमी, तिथे वाळू धातूत जाणार. बांधकामाची क्रश सँड चालत नाही, दाणा मोठा आणि खडबडीत असतो. कोरडी वाळू ढवळताना एन-९५ घाला, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

साच्यात वाळू ठोकणं हा अंदाजाचा भाग. फार ठोकलं की वाफेला वाट राहत नाही, कमी ठोकलं की साचा फुगतो. पॅटर्नवरचा (वस्तूच्या आकाराच्या नमुन्यावरचा) पहिला थर चाळणीतून टाका आणि बोटांनी दाबा, मग ठोका. वरच्या पेटीत २ मिमी तारेने दर २५-३० मिमीला हवेची भोकं पाडा, पॅटर्नच्या १० मिमी अलीकडे थांबा.

काँक्रीटबद्दल नीट ऐका. काँक्रीटमध्ये पाणी मुरलेलं असतं. वितळलेला धातू सांडला की त्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि गरम खपल्या अंगावर येतात. भट्टी, साचा आणि दोघांमधली वाट, सगळीकडे ७५ ते १०० मिमी कोरड्या वाळूचा थर हवा. मळी काढायचा पळा, उरलेला धातू ओतायचा साचा, नंतर टाकायचा भंगाराचा तुकडा, जे जे वितळलेल्या धातूला लागणार ते आधी भट्टीच्या कडेला तापवून घ्यायचं. नायलॉन कपडे नको, सुती घाला, पँट बुटाच्या बाहेर, बूट चामड्याचे, तोंडावर पूर्ण शील्ड. काम उघड्यावरच, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओतताना धातू ७२० अंशांच्या आसपास हवा, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) स्वस्तात मिळतं. जास्त तापवून ठेवला की हायड्रोजन शोषतो, आणि मशीन केल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. पावसाळ्यात हे जास्त होतं. उगाच ढवळू नका, मळी एकदाच काढा आणि लगेच ओता.

हात_धुवून

रसायनांची भर घालतो, कारण ती यादी जशीच्या तशी वापरणारे पाहिले आहेत.

कार्बन टेट्राक्लोराइडने ग्रीस काढा असं दिसलं की पान उलटा. यकृताला घातक, आणि तापलेल्या धातूवर त्याचा फॉस्जीन होतो. रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरा. ‘बेंझिन’ म्हणजे कुठे साधा पेट्रोलियम द्रव तर कुठे खरंखुरं कर्करोगकारक बेंझिन. नक्की कोणतं ते कळत नसेल तर कोणतंच नको. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी सोल्डरिंगला फायर ब्रिक किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, भट्टीला सिरॅमिक फायबर ब्लँकेट. ते ब्लँकेटही उघडं ठेवू नका, त्याचे तंतू हवेत सुटतात, वरून रिफ्रॅक्टरीचा लेप द्या. सायनाइडने पोलादाचा वरचा थर कडक करायचा भाग तर फाडूनच ठेवा. डब्यात कोळशाची पूड भरून लाल तापवत ठेवलं तरी सौम्य पोलादाला कार्बन चढतो, फक्त तासांनी वेळ लागतो. लेथच्या डेड सेंटरला (न फिरणाऱ्या टेकूच्या टोकाला) व्हाइट लेड लावायचे, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस चालतं. सिल्व्हर सोल्डर कॅडमियममुक्त मागून घ्या.

‘किल्ड स्पिरिट’ हा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून आधी लावायचा द्रव) मात्र आजही उत्तम. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकायचे, बुडबुडे थांबेपर्यंत आणि तळाशी थोडं जस्त उरेपर्यंत. निघतो तो हायड्रोजन, त्यामुळे उघड्यावर आणि जाळापासून लांब. काम झाल्यावर सोल्डर केलेला भाग गरम पाण्याने धुवा, नाहीतर आठवड्यात हिरवट-पांढरं चढतं. बाटली हत्यारांच्या कपाटात ठेवली तर सगळ्या ड्रिलवर गंज.

पोलाद कडक करण्याच्या भागात ‘चेरीसारखा लाल’ असं असतं, आणि तो लाल उन्हात वेगळा, सावलीत वेगळा दिसतो. सिल्व्हर स्टील (हत्यारांचं कार्बन पोलाद) तापवताना जवळ चुंबक ठेवा. ७७० अंशांच्या आसपास ते चिकटायचं थांबतं, त्याच्या किंचित पुढे नेऊन पाण्यात बुडवा. मग पॉलिश करून परत तापवा. फिकट पिवळा (साधारण २३० अंश) दिसला की कटिंग टूलसाठी थांबायचं, जांभळा म्हणजे २७०-२८०, निळा ३०० ला आणि तो स्प्रिंगसाठी. रंग टोकाकडे सरकत येतो, म्हणून मागच्या बाजूने तापवायचं.

सागवानी

लाकूडकामवाल्यांसाठी एवढंच. अमेरिकन पुस्तकात ‘एक इंची फळी’ म्हणजे रंधून पाऊण इंच, आणि टू-बाय-फोर हल्ली दीड बाय साडेतीन. जुन्या पुस्तकांत तो याहून मोठा, म्हणून खाचेचं माप यादीवरून न काढता ड्रॉइंगवरून काढा. शेलॅकचा ‘टू पाउंड कट’ म्हणजे लिटर स्पिरिटमध्ये साधारण २४० ग्रॅम चपडी. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा, त्यामुळे पुस्तक कुठलं ते आधी पाहा. जुनं झालेलं द्रावण सुकत नाही. काचेवर थेंब टाकून तासाभराने नखाला लागत असेल तर ओतून द्या. सरस उकळू नका, ६०-६५ अंशांच्या पुढे चिकटपणा जातो. कोकणात पावसाळ्यात सरसाचे सांधे सुटतात, तिथे सरळ आधुनिक गोंद वापरा.

उलट_आटा

थोडं विरुद्ध बोलतो. जुनं म्हणून चांगलं असं काही नाही. आपल्यापर्यंत पोचली ती टिकलेली पुस्तकं, बाकीचा कचरा कधीच रद्दीत गेला. टिकलेल्यांतही भर भरपूर आहे. ‘बॉय मेकॅनिक’सारख्या संग्रहात पानाच्या कोपऱ्यातल्या चार ओळींच्या युक्त्या कुणी करून पाहिल्या असतील का, शंकाच आहे.

करून पाहिलेलं लिखाण ओळखायच्या माझ्या खुणा: ओळीतली सुटी मापं बेरीज करून एकूण मापाशी जुळतात का. ‘आधी हे, मग ते’ याला कारण दिलंय का. आणि मुख्य म्हणजे ‘असं झालं नाही तर’ हे वाक्य कुठे आहे का. स्पेरी, गिंगरी या तिन्ही खुणांना उतरतात. १८९८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत एक फायदा आणखी असतो. एखाद्या लेखमालेतलं माप चुकलं की पुढच्या अंकांच्या वाचकपत्रांत त्यावर ओरड सापडते. कुठलंही ड्रॉइंग कापायला घेण्याआधी पुढचे काही अंक चाळा.

यूट्यूबलाही नावं ठेवू नका राव. स्क्रेपरचा आवाज, ओतायचा वेग, वाळू किती ठोकायची, हे कागदावर कधीच कळणार नाही. @तीन_प्लेटा, डाग कसा दिसतो हे तुम्ही तीन परिच्छेदांत सांगितलंत, व्हिडिओत तीन सेकंदांत दिसतं.

तीन_प्लेटा

डाग दिसतो, मान्य. ९० अंशांत का फिरवली ते मात्र व्हिडिओवाला सांगत नाही.

माळ्यावरचा_लेथ

सगळ्यांचे आभार. @ओतकाम_शिरोली, टेबलाचं गणित करून द्याल का? पॅटर्न किती मोठा, धातू किती, मूस केवढी? आणि पॅटर्नला एमडीएफ चालेल का?

ओतकाम_शिरोली

तयार टेबल १५० × १५०, जाडी १२ धरतो. अ‍ॅल्युमिनियम गार होताना मीटरला साधारण १३ मिमी आकसतं, म्हणजे १५० ला २ मिमी. कडा मशीन करायच्या असतील तर दोन्ही बाजूंना २-२ मिमी. पॅटर्न १५६ × १५६. वरच्या तोंडाला मशीनिंगसाठी ३ मिमी, म्हणजे पॅटर्नची जाडी १५. उभ्या बाजूंना दोन अंशांचा उतार, नाहीतर पॅटर्न काढताना वाळूची कड तुटते. मागे ८ मिमी जाड, १५ मिमी उंच अशा फासळ्या फुलीच्या आकारात द्या आणि आतल्या कोपऱ्यांत ४-५ मिमीची गोलाई. धारदार आतला कोपरा तिथेच तडकतो.

टेबलाचं वरचं तोंड साच्यात खाली ठेवा. मळी आणि गॅस वर जातात, त्यामुळे ज्या बाजूला मशीनिंग करायचं ती खाली स्वच्छ येते. फासळ्या वरच्या पेटीत. फुलीच्या मध्यावर धातू सगळ्यात जाड, तिथे ४० मिमी व्यासाचा राइजर (धातू आकसताना भर पुरवणारा खांब) उभा करा. तो नसेल तर वरच्या तोंडाला मधोमध खळगा पडतो.

धातू: प्लेट १५.६ × १५.६ × १.५ सेमी म्हणजे ३६५ घन सेमी, गुणिले २.७, जवळपास एक किलो. फासळ्या शंभर ग्रॅमच्या आसपास, राइजर, रनर (धातूची आडवी वाट) आणि स्प्रू (ओतायची उभी वाट) मिळून अर्धा किलो. मळीची घट धरून १.८ किलो वितळवा. कमी पडलं तर सगळंच वाया, उरलं तर इनगॉट (लगड) होतो. वितळलेलं १.८ किलो म्हणजे साधारण ७५० मिली. मूस पाऊणच भरायची, म्हणून काठापर्यंत किमान एक लिटर मावणारी. क्षमता मोजायची तर कोरड्या वाळूने मोजा, पाणी भरू नका.

स्प्रू सतत भरलेला राहील अशा एका धारेने ओता, मध्ये थांबलात तर थंड सांधा राहतो. तासभर साच्यातच ठेवा, पाण्यात बुडवू नका. पहिलं मशीनिंग अर्धा मिमी राखून करा, क्लॅम्प सैल करून आठवडाभर ठेवा, थोडं वाकेल. मग शेवटचा अर्धा मिमी काढा.

पॅटर्नला एमडीएफ चालेल. फक्त कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात, मग वाळूतून सुटत नाहीत. @सागवानी यांच्या चपडीचे तीन हात द्या, दोन हातांमध्ये २२० चा कागद फिरवा, कडांना एक हात जास्त.